धाकलीची पाठराखीण

सकाळचे साडेनऊ ही काही भुताखेतांची वेळ नव्हे. ऊन चांगलं चटके देऊ लागलेलं, नळ येऊन गेलेला, चाळीतल्या बायका ओट्यावर गहू निवडत बसलेल्या. अशा भरल्या उजेडात लीलाबाईंचा नवरा जेवत्या ताटावरून उठला, चूळ भरली, खुंटीवरची खाकी पॅन्ट चढवली आणि चपला शोधू लागला.

"अवो, निंगाले कुठं? अर्धी भाकर तशीच हाये ताटात."

"भोंगा झाला न," रूपराव म्हणाले. "तुले नाई आयकू आला?"

आला होता. तिथंच तर सगळं बिघडलं होतं! लीलाबाईंनी तो आपल्या कानांनी ऐकला होता. लांब, घोगरा, शेवटी जरा चिरकणारा, अगदी मिलचाच भोंगा. आणि मिलचा भोंगा तर गावात उरलेलाच नव्हता. मागांसोबत तोही खोलून, गोणपाटात बांधून ट्रकवर चढला होता. तिथून मुंबई, मुंबईहून बोट आणि बोटीतून थेट आफ्रिका. बरं, इथं होता तेव्हाही तो कधी साडेनऊला वाजला नव्हता. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा, ह्या पाळ्या बदलायच्या वेळा. साडेनऊला कोणाची पाळी बदलते हो?

पुलगावची मोठी मिल निराळी, तिचा इथं काही संबंध नाही. ही नाचणगाव रस्त्यावरची लहानशी मिल, ओमप्रकाशशेठच्या वडिलांनी काढलेली. आधी मांजरपाट विणायची. नव्वद सालानंतर शेठनं मुंबईचा एक दलाल गाठला आणि मिल परदेशासाठी टॉवेल विणू लागली. अंग पुसायचे नव्हेत, ताटं पुसायचे. लीलाबाईंना ह्याचं हसू आवरायचं नाही. "बाप्पा! ताट पुसाले कोरं फडकं! आन तेबी सातासमुद्रापलीकडून मांगवते ह्या बाया?" पण मागवत होत्या खऱ्या. त्या न पाहिलेल्या बायांच्या जिवावर चाळीत रंगीत टीव्ही आले, पोरं शिकली, पोरींची लग्नं झाली.

मग दोन हजार पाच साल उजाडलं आणि सगळं बसलं. का बसलं, ते शेठनं गेटवर स्टुलावर उभं राहून सांगितलं. आजवर कोणत्या देशानं किती कपडा पाठवायचा हे ठरवून दिलेलं होतं, त्याला कोटा म्हणत. तो कोटा उठला. आता जो स्वस्तात देईल त्याचा माल. चीनवाले आपल्याला सूत पडतं त्या भावात तयार टॉवेल देत होते. "मी काय करू, सांगा बरं?" शेठ म्हणाला.

माग घेणारा मात्र निघाला. आफ्रिकेत इथिओपिया म्हणून देश आहे. तिथून अमेरिकेत कपडा धाडला तर जकात लागत नाही म्हणे, आणि मजुरीही आपल्याहून कमी. तिथल्या एका कारखानदारानं सारे माग, आडवं सूत नेणारे सारे धोटे, भोंगासुद्धा उचलला. माग बसवून द्यायला शेठचा पुतण्या भूपेंद्र तिकडे जाणार, असं ठरलं.

आता धाकलीचं सांगायला हवं. धाकली म्हणजे रूपरावांचा माग. सगळ्यांत शेवटी बसवलेला म्हणून तिला धाकली म्हणत. बिनलग्नाचे होते तेव्हापासून रूपराव तिच्यावर. लग्न झालं, डोक्यावरचे केस गेले, पाळणा काही हलला नाही, आणि धाकली चालतच राहिली. सुटीच्या दिवशीही माणूस तिला तेल देऊन यायचा. "माह्यापरीस तिचेच लाड जास्त," असं लीलाबाई म्हणायच्या तेव्हा तो नुसता हसायचा.

ज्या दिवशी ट्रक भरायचे होते त्या दिवशी चाळीतल्या बायका हळदकुंकवाची ताटं घेऊन मिलमध्ये गेल्या. दसऱ्याला मागांना कुंकू लावायची रीत होतीच, पण ही दसऱ्याची पूजा नव्हती. ही पाठवणी होती. लीलाबाईंनी धाकलीच्या पुढच्या दांडीला हिरवा खण बांधला, त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड घातलं, नारळ ठेवला आणि गाठ मारली. सासरी निघालेल्या पोरीला कोणी 'जा' म्हणत नाही. लीलाबाईंनीही म्हटलं नाही. लोखंडाला हात लावून त्या म्हणाल्या, "येजो वं माय."

तेवढ्यात शेजारच्या अनुसयाबाई बोलल्या. सगळ्या चाळीत वयानं मोठ्या, रीतीभातीला पक्क्या. "पाठराखीण कोन जाते हिच्यासंग? पहिल्या खेपेले पोरीले एकली नाई धाडत."

बायका खो खो हसल्या. रूपरावांना काय झालं कोण जाणे, सकाळपासून गप्प असलेला माणूस एकदम पुढं आला. "मी जातो न पाठराखीन! काऊन, मले लुगडं शोभत नाई का?" असं म्हणत त्यांनी गळ्यातला गमछा काढून धाकलीच्या दांडीला, खणाच्या शेजारी बांधून टाकला. हसणं आणखी वाढलं. ट्रकवाला हमालही हसला.

अनुसयाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "भरल्या ओटीसमोर नाव घेतलं तुमी, भाऊ," त्या म्हणाल्या. "आता जा लागते. आन सासरचे ओटी भरून बोळवण करत नाई, तवरक पाठराखिणीले उंबरठा वलांडता येत नाई."

"हाव हाव," रूपराव म्हणाले, आणि डोळे पुसत बाजूला झाले. बिचाऱ्याला रडायचं होतं, म्हणून त्यानं गंमत केली होती.

हे झालं दिवाळीच्या सुमाराला. भोंगा पहिल्यांदा ऐकू आला तो होळीच्या आधी.

सुरुवातीला लीलाबाईंना वाटलं, सवय आहे, जाईल. रिकामा माणूस बसून बसून करणार काय? रूपराव साडेनऊला निघत, ओसाड मिलच्या आवारात जात, दुपार कलल्यावर परत येत. पण येत तेव्हा भुवयांवर कापसाचा फुफाटा असे. ओला, ताजा, जसा पाळी करून आलेल्याच्या अंगावर असतो तसा. मिलमध्ये तर झाडूनसुद्धा पसाभर कापूस निघाला नसता. एक दिवस त्यांच्या बोटांना आंबलेल्या पिठाचा वास आला, धिरड्याच्या पिठासारखा. लीलाबाईंनी ताट वाढलं तर म्हणाले, "जेवलो मी."

"कुठं जेवले?"

ह्यावर ते काही बोलले नाहीत. लीलाबाई रागानं ताट उचलून आत गेल्या, भांडी घासायला बसल्या, आणि मग मागून आवाज आला, "मिलमंदीच. पोट्टीनं देल्लं."

उत्तर उशिरा आलं होतं. तेव्हा त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. पण मग रोजच तसं होऊ लागलं. परदेशात फोन लावला की आपलं बोलणं जातं, थोडं थांबावं लागतं, मग तिकडचं येतं, तसं. चहा घेता का म्हणून विचारावं, आणि चहा निवून जाईतो 'घेतो' यावं. पुढं पुढं सकाळी विचारलेल्याचं उत्तर संध्याकाळी येऊ लागलं. लीलाबाई दिवाबत्ती करत असायच्या आणि रूपराव भिंतीकडं बघत म्हणायचे, "हाव, मीठ कमी हाये." कोणत्या भाजीला, कुठली भाजी! अंगावर काटा यायचा. हात लावावा तर अंग गार नसे, पण हलकं लागे. शेजारी झोपलेल्या माणसाचं गादीला जे वजन पडतं ते पडत नव्हतं.

एक दिवस त्या मागोमाग गेल्या.

मिलचं दार उघडंच होतं. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काठ्या खाली उतरल्या होत्या. माग गेलेले, फरशीतून नुसते बोल्ट वर आलेले. रूपराव धाकलीच्या जागी उभे होते, आणि त्यांचे हात चालू होते. धोटा काढ, कांडी बदल, तार ओढ, गाठ मार. समोर हवेशिवाय काही नव्हतं. पण लीलाबाईंनी चप्पल काढून फरशीवर पाय ठेवला तर फरशी थरथरत होती! आवाज काही नव्हता, नुसती तळपायांना थरथर, खाली सगळे माग चालू असल्यासारखी. वरून कापसाचा बारीक भुगा पडत होता आणि त्या उन्हाच्या काठीत आला की दिसत होता.

"अशी नाई," रूपराव कोणाला तरी सांगत होते, मायेनं, हळू. "आंगठ्याखाली धर. हां, आता जमलं. जमलं बापा!"

इतकं गोड लीलाबाईंशी ते कधी बोलले नव्हते. त्या क्षणी त्यांना भीती वाटायला हवी होती. आधी वाटला तो राग.

"चला घरी," त्या ओरडल्या. रूपरावांनी मान वळवली, ओळखीचं हसले आणि पुन्हा कामाला लागले. "चला घरी" ह्याचं उत्तर त्यांच्याकडून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. ताक घुसळणाऱ्या लीलाबाईंच्या मागे येऊन ते म्हणाले, "येतो न, पोट्टीचा हात बसू दे. ते मले आबाबा म्हनते."

रवी तशीच टाकून लीलाबाई अनुसयाबाईंकडे गेल्या. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. "मी त्याच दिवशी बोलली होती," एवढंच ती म्हणाली. मग लीलाबाईंना जवळ ओढून, "त्यायची बोळवण झाली नाई, म्हून ते येऊ शकत नाई. आन तिकडंच राह्यले तर एक दिवस इथं नुसती पॅन्ट उरन खुंटीवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाबाई पदर खोचून ओमप्रकाशशेठकडे गेल्या. शेठ मिलच्या जुन्या केबिनमध्ये बसला होता. इस्त्रीचा सदरा, केस विंचरलेले, समोर टेबल रिकामं. मिलमध्ये काम नाही, माणूस नाही, आणि हा सकाळी असा नटून बसलेला!

"शेठजी, धाकली वापस आना."

"लीलाबाई, विकलेली वस्तू कशी वापस आनू? तिकडं लोकायले काम भेटलं न. आपल्याकडं इंग्रजाच्या मुलखातून माग आले तवा तिकडचे लोक बी असेच बसले असन घरी. आपन कधी विचारलं का?"

"मले मुलूख बिलूख नका सांगू. माहा नवरा संपून राह्यला." आणि त्यांनी सगळं सांगितलं, भोंग्यापासून.

शेठ हसेल असं त्यांना वाटलं होतं. तो हसला नाही. टेबलावरची धूळ बोटानं ओढू लागला. "साडेनऊले," तो म्हणाला. "मले बी आयकू येते. म्हून तर येऊन बसतो. पन मी मालक होतो न, मले कोनी बोलवत नाई. नुसता आयकतो."

मग त्यानं मोबाइल काढला आणि इथिओपियाला फोन लावला. भूपेंद्र होता पलीकडे. शेठनं मोबाइल टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"भूपेंद्र, बाबू, धाकली चालते का रे?" लीलाबाईंनी विचारलं.

शब्द गेले, थांबले, मग आवाज आला. "आता चालते काकू. आधी कोनाच्यानंच चालत नव्हती, तार सारखी तुटे. मंग अलमाझ म्हून एक पोट्टी हाये, तिच्या हाताले लागली. मस्त चालवते आता. पन ते म्हनते..." भूपेंद्रनं आवाज खाली आणला. "ते म्हनते, कोनी म्हातारा मांगं उभा राहून शिकवते. सकाळच्या पाळीले येते. आबाबा म्हनते त्याले, म्हंजे बाबा. त्याच्यासाठी डब्यातलं अर्धं काढून ठेवते ते."

"तिकडं पाळी कवा लागते?"

"सातले. तवा आपल्याकडं साडेनऊ होते."

"तू पाह्यलं का रे त्यायले?"

फोनवर उत्तर यायला वेळ लागतोच, पण ह्या वेळी फार लागला. "काकू," भूपेंद्र म्हणाला, "मी पाहत नाई तिकडं."

लीलाबाई मोबाइलवर वाकल्या. "आयक. त्या पोट्टीले सांग, हात बसला तिचा, आता म्हाताऱ्याची बोळवण कर म्हना. मानसाची ओटी नाई भरत, पन हे पाठराखीण म्हून गेले, यायची भरा लागते. धान्य जे असन ते घे. एक कपडा दे आंगावर. आन नारळ..."

"नारळ नाई भेटत काकू इथं."

"धाकलीच्या खणातला?"

"हाव, तो हाये. तुमी मारलेली गाठ कोनी सोडलीच नाई आजवर."

"सोडा म्हना आता."

दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या आधीच लीलाबाई नवऱ्यासोबत मिलमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. भोंगा झाला. फरशी थरथरू लागली. रूपराव हात सोडवून घेऊ लागले, मनगट मुठीतल्या मुठीत बारीक होत चाललं, चिंधी धरल्यागत लागू लागलं. लीलाबाईंनी डोळे मिटले आणि कधी नव्हे ते नवऱ्याला नावानं हाक मारली. "रूपराव! घरी चल! चल म्हनते न मी!"

मग थरथर थांबली. कुठून तरी भाजलेल्या, जळकट, गोड अशा कशाचा तरी वास आला. चहा सोडून काही न प्यायलेल्या लीलाबाईंना तो कॉफीचा आहे हे कळलं नाही. डोळे उघडले तर रूपरावांच्या खांद्यावर एक कपडा होता. पांढरा, तलम, काठाला हिरवी-पिवळी नक्षी.

"अवं, हात सोड न," रूपराव म्हणाले. "दुखून राह्यला."

उत्तर लगेच आलं होतं. लीलाबाई तिथंच फरशीवर बसल्या आणि हमसून हमसून रडल्या.

त्यानंतर भोंगा ऐकू आला नाही. रूपराव जेवू लागले, झोपले की गादी दबू लागली. शेठनं मिलचं गोदाम केलं आणि त्यांना तिथं चौकीदार ठेवलं. गोदामात माल चीनचा. दिवाळीच्या माळा, प्लास्टिकची फुलं, गुळगुळीत चादरी. चाळीतल्या बायका त्याच चादरी घेऊ लागल्या, स्वस्त पडायच्या. नक्षीच्या काठाचा तो पांढरा कपडा लीलाबाईंनी ट्रंकेत तळाशी ठेवला. कधीतरी उन्हात टाकायला काढला की त्यावर हात फिरवायच्या. पोरीनं आपला माणूस परत दिला होता. ह्याची फेड कशी करायची, कळत नव्हतं.

तीन-साडेतीन वर्षं गेली. दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर भूपेंद्र परत आला, वाळलेला, नोकरी गेलेला. अमेरिकेत मंदी आली, तिकडच्या बायांनी टॉवेल घेणं थांबवलं, आणि आफ्रिकेतला तो कारखानाही बसला. "माग भंगारात गेले, काकू," तो ओट्यावर बसून सांगत होता. "भंगार हिंदुस्थानात येते सारं. वितळवून सळाखी करते. आपल्याकडच्या भट्टीत बी आलं असन, कोनाले मालूम." रूपराव मान खाली घालून ऐकत होते.

"आन ते पोट्टी?" लीलाबाईंनी विचारलं.

"भल्ली रडली. कंटेनर भरला तवा आपली ओढणी सोडली आन धाकलीच्या दांडीले बांधली. काही तरी बोलली. मले त्यायची भाषा पुरी येत नाई, पन मी बी येते, असं म्हनलं असन."

लीलाबाईंनी हातातली कपबशी ओट्यावर ठेवली. येजो वं माय, असं त्या म्हणाल्या होत्या. धाकली आली होती. एकटी आली नव्हती.

पुढच्या आठवड्यात रूपराव डबा दुप्पट मागू लागले. "भूक लागते," म्हणाले. तोंडावर तुकतुकी आली होती. सकाळी दाढी करू लागले. एकदा तर बाजारातून लाल रिबिनी आणल्या आणि खिशात लपवल्या. एका सकाळी लीलाबाईंनी ट्रंक उघडली, तळातला कपडा काढला, ताटात तांदूळ, कुंकू, नारळ घेतला आणि गोदामाकडे निघाल्या.

खोक्यांच्या रांगांमधून त्या धाकलीच्या जागी पोचल्या. तिथं एक पोर उभी होती. काळीसावळी, उंच, पायात प्लास्टिकच्या चपला, केसांत कापसाचा भुगा. तिचे हात हवेत चालत होते. धोटा काढ, कांडी बदल, आंगठ्याखाली तार धर. बरोब्बर रूपरावांसारखे. खाली धुळीत रूपरावांची पावलं उमटली होती, तिची नव्हती. शेजारी स्टुलावर उघडा डबा आणि रिबिनी. रूपराव खोक्यावर बसून तिच्याकडं पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख होतं की लीलाबाईंना पुढं पाऊल टाकवेना.

पोरीचे ओठ हलले. आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं, ओठ मिटल्यावर, कुठून तरी लांबून आला, "आबाबा."

"राहू दे न वं," रूपराव म्हणाले. ते बायकोच्या हातातल्या ताटाकडं पाहत होते, आणि त्यांना सगळं समजलं होतं. "कोनाले काय तरास हाये तिचा? आपल्याले पोट्टी नाई. आता हाये. राहू दे."

लीलाबाईंनाही ती हवी होती! खोटं कशाला बोला, त्या तिथं उभ्या उभ्या तिच्या केसांतला भुगा काढून वेणी घालत होत्या मनातल्या मनात. पण त्यांना दुसरं एक दार दिसत होतं, कधी न पाहिलेल्या मुलखातलं. दारात एक बाई. समोर बसलेल्या लेकीला विचारते आहे, जेवतेस का. आणि उत्तर येत नाही. संध्याकाळ होते तरी येत नाही.

"तिच्या मायलेबी एकच असन," त्या म्हणाल्या. "मी काढले ते दिवस त्या बाईनं काऊन काढाचे?"

लीलाबाई पुढं झाल्या. पोरीच्या कपाळाला बोट लावलं, बोटाला काही लागलं नाही, पण कुंकू हवेत टिकलं. तांदूळ आणि नारळ तिनंच दिलेल्या त्या पांढऱ्या कपड्यात बांधला, तिच्या ओंजळीत धरला. गाठोडं खाली पडलं नाही. पोरगी त्या नक्षीच्या काठाकडं बघत राहिली, आणि मग ओळख पटल्यासारखे तिचे डोळे भरले.

जन्मभर ज्या शब्दाला तोंडात येऊ दिलं नव्हतं तो लीलाबाईंनी काढला. "जा, माय. जा तू घरी."

पोरीनं रूपरावांकडं पाहिलं. ते उठले. आयुष्यभराची सवय, आतून भरून आलेलं, आणि दारातून निघालेली लेक. त्यांचं तोंड उघडलं, आणि 'येजो' येतो आहे हे लीलाबाईंना कळलं. त्यांनी वळून नवऱ्याच्या तोंडावर हात दाबला. घट्ट दाबला. रूपरावांचा श्वास गरम गरम तळहाताला लागत होता, शब्द आतल्या आत धडका मारत होता, आणि लीलाबाई स्वतः रडत रडत हात काढत नव्हत्या.

हात काढला तेव्हा धाकलीच्या जागी नुसते बोल्ट होते. रूपरावांच्या ओठांना कुंकू लागलं होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेनऊ वाजले. दोघं ताटावर बसले होते. हातातला घास हातात धरून दोघं ऐकत होते, पण काहीच वाजलं नाही.

"जेवा," लीलाबाई म्हणाल्या.

"जेवतो," रूपराव लगेच म्हणाले.